मेंढरं विकल्यानंतरचा माळ

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, सुनंदा अक्कावर. केव्हा झाला तेही नेमकं सांगते: येळवस होऊन चौथ्या दिवशी, दिवस बुडून उजेड विरायला लागला होता तेव्हा. ठाणाकुशनूरच्या अलीकडच्या माळावर, चाळीसेक माणसांच्या देखत. त्यांतल्या एकानंही तिच्या अंगाला हात लावला नाही की शिवी दिली नाही, आणि म्हणूनच आजवर कुणी तिची माफी मागितलेली नाही. "असं झालं तरी काय होतं ओ?" असं लोक अजून मलाच विचारतात. वीस-बावीस वर्षं बायांच्या संघटनेची पत्रकं लिहून मला सवयच लागलीय, पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी हे सांगून मोकळं व्हायचं. पण हे पत्रकाच्या एका पानात मावणारं नाही. यात गवत आहे, पाखरं आहेत, मायच्या हातचं हुलग्याचं माडगं आहे, आणि एक खोटं आहे. ते खोटं मी बोलले.

आमची वस्ती मेंढक्यांची, तीस-पस्तीस घरांची. घराच्या मागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं वाडगं, त्यात आमची साठ-सत्तर मेंढरं. लहानपणी मला वाटायचं की घर म्हणजे आवाजच. पहाटे वाडग्यात खाकरल्यासारखा आवाज व्हायचा, तो मेंढरांचा की अप्पांचा हे अंथरुणातून ओळखायचं. मग कोकरांची बें बें, गळ्यातल्या एकुलत्या घंटीचा टिणटिण, मायच्या चातीची भिंगरी. लोकर कातता कातता माय एका हातानं चुलीत काटक्या सारायची आणि तोंडानं आमच्यावर ओरडायची. न्याहारीला कडक भाकरी चुरून त्यावर लाल तिखट नि करडीचं तेल; थंडीत हुलग्याचं माडगं, त्यात गूळ असला तर सण. घरात कन्नड आणि मराठी अशी मिसळून चालायची की शाळेत गेल्यावर कळलं, या दोन वेगळ्या भाषा आहेत. अक्का सातवीनंतर शाळेत गेलीच नाही. अप्पांच्या गुडघ्यानं दगा दिला तेव्हापासून कळपाच्या मागं तीच. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला भाकरीचं फडकं. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. पोरगी एकटी माळावर आहे म्हणून वस्तीतल्या कुणी कधी घोर लावून घेतला नाही. मेंढरं होती ना सोबत.

आणि माळावर दिवस काढता काढता अक्कानं पाखरं वाचायला घेतली. पुस्तकातून नव्हे, कामातून. टिटवी एकाच जागी कालवा करायला लागली की कळप तिथून वळवायचा, कारण तिथं अंडी असतात. पखुर्ड्या सकाळी थव्यानं ज्या बाजूला उडतात त्या बाजूला पाणी. चंडोल उभाच्या उभा आभाळात चढून गायला लागला की समजायचं, पाऊस आज तरी नाही. मी शाळेच्या कपाटातून पाखरांच्या चित्रांचं एक मराठी पुस्तक आणलं होतं. त्यातली नावं मी वाचून दाखवायची नि अक्का हसायची. "ह्येला भोवत्या म्हणत्यात व्हय? मी तर राखुंड्या म्हणते." तिचंच नाव बरोबर होतं. घारीच्या जातीचा शिकारी पक्षी; राखेच्या रंगाचा नर, पंखांची टोकं काजळात बुडवल्यागत काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरी चिंधी. गवताला पोट घासेल इतक्या खालून तरंगत जायचा. दिवाळीच्या पुढंमागं यायचे आणि शिमग्यानंतर दिसेनासे व्हायचे.

मग माळाचे तुकडे पडले. कुठं सोयाबीन आलं, कुठं तार आली, चरायला जावं तिथं कुणी ना कुणी काठी घेऊन उभा. आजूबाजूचे गडी हैदराबादला इमारतींच्या कामावर निघाले होते, त्यांच्याबरोबर अप्पाही निघाले, गुडघा दुखरा म्हणून बसल्या जागी राखण करायला. मेंढरं विकली. टेम्पोत चढवताना अक्का एकेकीला नावानं हाक मारत होती आणि त्या तिच्या हाकेवर चढत होत्या, हे मला अजून बघवत नाही, म्हणजे आठवून. वाडगं रिकामं झालं आणि घराचा आवाजच गेला. आता आवाज एकच उरला, दर रविवारी किराणा दुकानातल्या फोनवर येणारा अप्पांचा: "जेवलात का? बरं. ठेवतो, मीटर पळायलंय."

अक्का खुरपायला जाऊ लागली. पण चार वाजले की तिचं चित्त ठिकाणावर राहायचं नाही. कळप परत वळवायची वेळ ती. हातातलं खुरपं तसंच ठेवून ती उठून उभी राहायची आणि मग बसायची. दिवाळीनंतर एकदा मला म्हणाली, "लते, चल. राखुंडे आले असतील."

तिनं मला जे दाखवलं त्याचा पत्ता माझ्या पुस्तकाला नव्हता. माळाच्या मधोमध कमरेएवढ्या गवताचा एक पट्टा उरला होता, सरकारी, म्हणजे कुणाचाही नाही आणि सगळ्यांचा. दिवसभर दहा दिशांना विखुरलेले राखुंडे तिन्हीसांजेला तिथं जमायचे. आधी एक. मग तीन. मग मोजता मोजता चुकायचं. गवतावर गोल गोल फिरायचे, एकमेकांना वाट देत, अजिबात आवाज न करता, आणि उजेड पार विरायला आला की एकेक जण गवतात उतरायचा. झाडावर नाही, जमिनीवर. इथंच निजायचे. अक्का म्हणाली, "मी कधीच शेवटपर्यंत बघितलं न्हाई. ह्या टायमाला कळप हाणायचा असायचा. आता मोकळीच हाय. सगळे उतरेपर्यंत बसायचं एकदा." तिला आयुष्यात हवं होतं ते एवढंच. मी याहून मोठ्या मागण्या घेऊन कचेऱ्यांपुढं बसलेय. याहून साधी मागणी मला अजून भेटायची आहे.

तिसऱ्याच दिवशी पायवाटेवर फटफटी थांबली. वरती दोघं. एकानं गाडी बंद केली. माळावर गाडी बंद झाली की जी शांतता होते ती बाईमाणसाला कळते, ती मी पुरुषांना कधीच समजावून सांगू शकलेले नाही.

"कुणाच्या गं तुम्ही? कामून बसल्यात हितं?"

"मेंढरं हायत आमची," अक्का म्हणाली. तिनं क्षणाचाही विचार केला नाही.

"कुठं हायत? दिसनात तर."

"ओघळीत उतरल्यात. मागं अप्पा यायलेत." आणि तिनं ओठ आवळून मेंढकी शीळ घातली, मग जिभेनं ती "हुर्रर्र... त्या, त्या, त्या!" अशी हाक दिली. रिकाम्या ओघळीकडं. फटफटी चालू झाली. गेली. फटफटी दिसेनाशी होईस्तोवर अक्का काठी आवळून उभी होती, मला मात्र हसू फुटलं होतं. "अक्का, कुणाला बोलावलंस गं?" ती म्हणाली, "गप, भवाने. आल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून आमची युक्ती ठरली. काठी घ्यायची, घोंगडी घ्यायची, आणि कुणी दिसलं की नसलेल्या मेंढरांना हाक मारायची. मला त्याचा भलता नाद लागला. मी एकेकीला नाव दिलं, शिव्या दिल्या, एका काळ्या मेंढीचा पाय मोडलाय म्हणून लंगडत दाखवलं. अक्का तोंडात पदर कोंबून हसायची. आज माझ्या मीटिंगांत पोरी सांगतात, ताई, आम्ही फिरायला जाताना कानाला फोन लावून कुणाशी तरी बोलल्यासारखं करतो. मी मान डोलावते. आमच्या वेळी मोबाइल नव्हता, कळप होता. नसलेला.

एक मात्र राहूनच गेलं होतं. सगळे राखुंडे उतरेपर्यंत बसायला अजून जमलेलं नव्हतं, कारण तेवढ्या अंधारात मेंढरंसुद्धा कुणी ठेवत नाही. दरवेळी तीस-चाळीस उरलेले असतानाच उठावं लागायचं. अक्का म्हणाली, येळवस होऊ दे. लोक दमलेले असतील, माळाकडं कुणी फिरकायचं न्हाई.

येळवस ही आमच्याकडची पौषातली अमावस्या की मार्गशीर्षातली, याच्यावर भटजी भांडोत. आम्हाला ती भज्जीची. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल तो पाला बेसनात शिजवलेला, बाजरीचे उंडे, मडक्यातलं गार आंबील. अख्खा गाव कडब्याच्या खोपीपाशी, शिवारात. त्या एका दिवशी बाया, पोरी, म्हाताऱ्या दिवसभर रानात भटकतात, बोरं वेचतात, परक्याच्या खोपीत जेवतात, नि कुणी विचारत नाही, कुणीकडं निघालीस. वर्षातून एक दिवस. माझा राग असा आहे की तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. थंडी कोरडी, गवत पितळी झालेलं. अक्कानं दोन भाकऱ्या आणि लाल तिखट बांधून घेतलं होतं, म्हणजे बसायची पुरी तयारी. पहिला राखुंड्या आला, दुसरा आला, आणि तेवढ्यात ओघळीतून बिरुमामा वर आला. बिरुमामा म्हणजे शेजारच्या वस्तीतला म्हातारा मेंढका. नात्यानं नव्हे, पण सगळ्यांचा मामा. सहा महिने करजगीकडं, भीमेच्या काठी कळप घेऊन होता, कालच परतलेला. आमची मेंढरं विकली हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"नामदेवाच्या पोरी का गं? केवढ्या झाल्यात! आन् कळप कुठाय?"

अक्का काठीनं माती उकरू लागली. बिरुमामापुढं तिला खोटं बोलवेना. त्यानंच तिला कोकरू काखेत कसं धरायचं ते शिकवलं होतं. आणि तो हलेना. घोंगडी खांद्यावरून काढून बसायच्या बेतात होता. वर राखुंडे जमायला लागलेले, उजेड चाललेला, आणि हा म्हातारा आता तासभर भीमेकाठच्या गोष्टी सांगणार. त्याला घालवायचं म्हणून मी बोलले.

"चुकल्यात मामा. दुपारपासनं."

मी बारा वर्षांची होते. पण मी मेंढक्याची पोर होते आणि मला माहीत असायला हवं होतं. आमच्यात 'मेंढरं चुकली' हा शब्द कुणी हौसेनं उच्चारत नाही. तो कानावर पडला की हातातला घास ताटात ठेवायचा आणि पळायचं. कुणाची, किती, हे नंतर. आधी पळायचं. मेंढरं सापडेस्तोवर वस्तीत कुणी जेवायचं नाही, दुश्मनाची असली तरी. बिरुमामाचा चेहरा असा झाला की जणू त्याचीच गेली होती. "आगं माझ्या बया!" म्हणाला, आणि त्या वयात, त्या पायांनी तो पळत सुटला. अक्का मागून ओरडली, "मामा! थांबा ओ! मामा!" त्याला वाटलं पोर घाबरून ओरडायलीय. तो आणखी जोरात पळाला.

"काय केलंस लते," अक्का म्हणाली. आम्ही तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण अक्का म्हणाली, "त्ये लोक सगळे येतील नि उगंच रानोमाळ हिंडतील. आपुन थांबून सांगायला पायजे." ती थांबली, कारण तिला लोकांना हेलपाटा घडवायचा नव्हता. हे लक्षात ठेवा.

दोन वस्त्यांची माणसं आली. काठ्या, कुत्री, शिळा. आमचा चुलता जेवणावरून उठून आलेला, हाताला अजून कालवण. अक्का पुढं झाली आणि सरळ सांगितलं, "मेंढरं न्हाईत. विकून सा महिने झाले. ही पोरगी खोटं बोलली. आमी पाखरं बघायला आलो होतो."

आधी कुणीतरी हसलं. मग कुणी म्हणालं, "पाखरं?" मग तिसऱ्यानं विचारलं, अगदी हळू, "कोन व्हतं संगं?"

"ही होती. माझी भन."

"आनिक कोन?"

बस. पुढचं त्यांनी तोंडानं विचारलं नाही, पायांनी विचारलं. काठ्या घेऊन सगळे गवतात शिरले. जी चाळीस माणसं मेंढरं शोधायला उपाशी पळत आली होती, तीच आता माझ्या बहिणीचा माणूस शोधायला लागली. कुत्र्यांना छू केलं. गवत आडवं केलं. आणि त्या गवतातून, जिथं अर्धेअधिक नुकते उतरले होते तिथून, राखुंडे उठले आणि अजून उतरायच्या राहिलेल्यांत मिसळले. एकदम सगळे. साठ असतील, सत्तर असतील, आमच्या कळपाएवढे. माणसांच्या डोक्यावरून हातभर उंचीवरून गोल गोल फिरू लागले, राखेचे, तपकिरी, आवाज न करता. अक्का हात वर करून ओरडली, "ती बघा! ती बघा की! त्येच बघायला आले होते मी!" आणि एकानंही मान वर केली नाही. सगळे खाली बघत होते, मातीत, पुरुषाच्या पायाचा ठसा सापडतो का म्हणून.

ठसा सापडला नाही. नसलेल्या माणसाचा सापडणार कसा? पण पाखरं खरी होती, डोक्यावर होती, ती कुणी धरली नाहीत. आणि माणूस नव्हताच, तो सगळ्यांनी धरला. सकाळपर्यंत त्याला गाव मिळालं, जात मिळाली, फटफटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी बिरुमामा अंगणात येऊन बसला. मायनं चहा दिला, तो तसाच गार झाला. तो अक्कावर चिडला नव्हता. मला जवळ बोलावून म्हणाला, "पोरी, कायबी बोल. मेंढरावरनं खोटं बोलू न्हाई गं." त्याचे डोळे ओले होते. मी आजवर खूप ऐकून घेतलंय, सभांत, पोलीस ठाण्यांत. इतकं कधी लागलं नाही. पण मी आज त्याला विचारेन: मामा, खरं बोलून आम्हाला बसू दिलं असतं का?

अप्पा हैदराबादहून आले. मारलं नाही, ओरडले नाहीत. "माझा भरवसा हाय तुझ्यावर. पर आता घरातच ऱ्हा," म्हणाले. अक्का म्हणाली, "भरवसा हाय तर मग घरात कामून बसू? मेंढरं असती तर बसलेच असते की तितं. कुणी इचारलं असतं?" अप्पा रिकाम्या वाडग्याकडं बघत म्हणाले, "मेंढरं न्हाईत ना आता." शिमग्याच्या आधी तिचं लग्न लावून दिलं. राखुंडे अजून माळावर होते.

ती पुण्याकडं गेली. नवरा चांगला आहे; हे मुद्दाम लिहिते, नाहीतर लोक गोष्ट त्याच्यावर ढकलून मोकळे होतात. तो एका इमारतीवर वॉचमन होता, आता त्यांची स्वतःची दोन खोल्यांची जागा आहे, चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून समोरची गॅलरी दिसते. दिवाळी झाली की तिचा फोन येतो. पोराबाळांचं विचारायच्या आधी विचारते, "आले का गं?" मी म्हणते, आले. "किती?" मी आकडा सांगते. मागं कुकरची शिट्टी होते, तरी ती फोन ठेवत नाही. एकदा म्हणाली, "हितं घारी हायत. घारीबी चांगल्याच असत्यात की." तिचा आवाज ऐकून मी फोन ठेवल्यावर रडले होते.

मी तिला आकडा सांगते, तो खोटा असतो. म्हणजे अर्धा. माझ्याकडं आता दुर्बीण आहे, स्कूटी आहे, संघटनेचं ओळखपत्र आहे, बाईच्या हक्कांवर मी तासभर कुठंही न अडखळता बोलते. गवताचा तो पट्टा अजून आहे, अर्धा उरलाय. मी जाते, बसते, मोजायला लागते. आणि उजेड विरायला आला, वीस-पंचवीस उतरायचे राहिले, की दूर कुठं तरी गाडीचा आवाज येतो, नाहीतर येतही नाही, आणि मी उठते. दरवर्षी उठते. सगळे उतरलेले मीही पाहिलेले नाहीत. आमच्या घरातल्या कुणीच पाहिलेले नाहीत. पुरुष पाहू शकले असते, तर त्यांनी मान वर केली नाही.

म्हणून हे प्रकरण वाचून हळहळू नका. तुमच्या घरात लेक असेल, बहीण असेल, सून असेल. या हिवाळ्यात तिला एक संध्याकाळ द्या. माळ, तळं, टेकडी, जे तुमच्या गावाला असेल ते. तिच्या हातात विळा देऊ नका, घागर देऊ नका, पाठराखणीला भाऊ देऊ नका. आणि त्या वाटेनं तुम्ही जात असाल, एखादी बाई एकटी आभाळाकडं बघत बसलेली दिसली, तर गाडी थांबवू नका. अंधार पडल्यावर ती घरी येईल. दार उघडा, ताट वाढा, आणि तिला फक्त एवढंच विचारा: काय काय दिसलं?